प्रेंडाचा कोरा रकाना

उल्काने पहिल्यांदा लाँड्रीत संकष्टी धरली, त्या दिवशी प्रेंडा तिच्यासाठी बेधडक खोटं बोलली.

एडमंटनच्या दक्षिणेला गोदामांच्या रांगेत हॉस्पिटलांच्या चादरी आणि गाऊन धुणारी मोठी लाँड्री आहे. उल्का तिथे नवीनच लागली होती. नवऱ्याची कॉम्प्युटरची नोकरी म्हणून नागपूरहून आलेली, बी.कॉम. झालेली, इंग्रजी बोलताना अजून दोनदा विचार करणारी. लंचरूममध्ये सगळ्यांचे डबे गरम होत होते आणि ती नुसती पाण्याची बाटली घेऊन बसली होती. मायक्रोवेव्हपाशी उभी असलेली एक बाई म्हणाली, "काय गं, जेवत नाहीस आज?"

उल्का तोंड उघडणार तेवढ्यात शेजारच्या प्रेंडाने उत्तर देऊन टाकलं. "तिचं पोट बिघडलंय. सकाळपासून तीनदा वॉशरूमला जाऊन आली."

उल्का बघतच राहिली. ती बाई लांब गेल्यावर प्रेंडा तिच्या कानाशी आली. "उपास आहे ना? मला कळलं. असं रिकाम्या हाताने बसू नये, मुली. ताटलीत थोडं वाढून घ्यायचं, काट्याने इकडचं तिकडे करायचं आणि हळूच रुमालात गुंडाळायचं. मी शिकवीन तुला."

"अहो ताई, पण लपवायचं कशाला? चतुर्थी आहे माझी. चंद्र दिसला की जेवेन. इथे कोण काय म्हणणार आहे?"

प्रेंडा आपल्याच कपाळावर हात मारून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "खरंच की गं! अठरा वर्षं झाली मला कॅनडात. अठरा! आणि अजून माझं डोकं श्कोडरच्या शाळेतच बसलंय."

पंचावन्न वर्षांच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं उल्काच्या जिभेला जमेना, म्हणून प्रेंडाची ती 'ताई' झाली. प्रेंडा तिला 'मोय उल्का' म्हणायची. अल्बेनियन भाषेतलं 'मोय' म्हणजे आपलं 'अगं'. पुढची सहा वर्षं दोघी चादरींना इस्त्री करणाऱ्या एकाच रोलरवर समोरासमोर उभ्या राहिल्या. ओल्या चादरीचं एक टोक हिने धरायचं, दुसरं तिने, आणि दोघींनी एकदम तापलेल्या रोलरमध्ये सोडायचं. एकीचा हात मागे राहिला की चादर तिरकी जाते. म्हणून बोलायचं ते चादरींच्या मधल्या जागेत, तुकड्यातुकड्यांनी. प्रेंडाचं सगळं आयुष्य उल्काने असं तुकड्यातुकड्यांनी ऐकलं.

श्कोडर हे अल्बेनियाच्या उत्तरेचं गाव. एका बाजूला मोठं तळं, गावात घरटी सायकल, कारण मोटार ठेवायची कोणाला परवानगीच नव्हती. प्रेंडा तीन वर्षांची असताना सरकारने फतवा काढला की ह्या देशात देव नाही. मशिदी, चर्च, मठ, सगळ्यांना कुलपं. गावातलं सर्वांत मोठं चर्च होतं, त्यात खेळाचं सभागृह केलं. प्रेंडा शाळेच्या संघातून तिथे व्हॉलीबॉल खेळायची. आजीला घरात सगळे 'लोके' म्हणत. लोके एकदा तिची वेणी घालता घालता म्हणाली, "सर्व्हिस करायला तू जिथे उभी राहतेस ना, त्याच्या उजव्या हाताला मरियमची मूर्ती असायची. ओठ हलवू नकोस. मनातल्या मनात नमस्कार करत जा, मग चेंडू मार."

प्रेंडा तसं करायची. "आणि सांगते तुला," ती रोलरवरून ओरडून सांगायची, "माझी सर्व्हिस कधी जाळीत गेली नाही!"

बाकी घर म्हणजे चार घरांसारखं घर. वडील प्येतर तारेच्या कारखान्यात तार ओढायच्या मशीनवर. आई तंबाखूची पानं निवडायला जायची. दुधाच्या रांगेत माणसाऐवजी दगड ठेवायची पद्धत होती. ज्याचा दगड पुढे, त्याचा नंबर पुढे. प्रेंडाच्या घरच्या दगडाला एक कान तुटल्यासारखा कोपरा होता, तो सगळी गल्ली ओळखायची. भांडणं व्हायची, लग्नं व्हायची, ईस्टर मात्र व्हायचा नाही. म्हणजे उघड व्हायचा नाही.

लोके आदल्या महिन्यापासून कांद्याची सालं साठवायची. समोरच्या घरातली बाई कामावर गेली की भर दुपारी, पडदे ओढून, त्या सालांच्या पाण्यात ईस्टरची अंडी उकडायची. तांबूस, वीटकरी रंग चढायचा. घरच्यांनी एकेक खायचं, आणि टरफलं चुलीत जाळून टाकायची, कारण केराच्या डब्यात टरफल दिसलं तर संपलंच. प्रेंडा बारा वर्षांची झाली त्या वर्षी लोकेचे हात कापायला लागले होते, म्हणून अंडी रंगाच्या पाण्यातून काढून पुसायचं काम तिने केलं. बोटं रंगली. राखेने घासली, मिठाने घासली. नखांच्या कडा तांबड्या राहिल्या त्या राहिल्याच.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी सगळ्यांना हात बाकावर ठेवायला सांगितले. प्रेंडापाशी येऊन थांबल्या. "हे कशाने झालं?"

"कांदे सोलले."

"असं? कांदे सोलून बोटं तांबडी होतात?" बाई हसल्या. रागावल्या नाहीत. ते हसू प्रेंडाला पुढे आयुष्यभर पुरलं.

आठवडाभराने वडिलांच्या कारखान्याच्या भिंतीवर एक मोठा कागद लागला. त्याला तिकडे 'विजेचं पान' म्हणत. वीज कोसळावी तसं कोणावर कोसळेल याचा नेम नसायचा. त्यावर ठळक अक्षरांत प्रश्न होता: कॉम्रेड प्येतर, जुन्या सणांच्या दिवशी तुमच्या घरात काय शिजतं? खाली जागा सोडलेली. तीन दिवसांत स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचं, आपली चूक आपणच सांगायची, आणि सभेत उभं राहून ती वाचायची.

प्येतर साधा माणूस. त्याला वाटलं, थोडंसं लिहिलं की भागेल. त्याने लिहिलं, घरातल्या जुन्या सवयींकडे माझं लक्ष कमी पडलं. सभेत सेक्रेटरी अगदी मायेने म्हणाला, "कॉम्रेड, हे वरवरचं झालं. अजून खोल जा." त्याने दुसरा कागद लिहिला, त्यात आईचं नाव आलं. "अजून खोल जा." तिसऱ्यात आलं की त्याला सगळं ठाऊक होतं. चौथ्यात आलं की त्याने स्वतःसुद्धा अर्धं अंडं खाल्लं. मग ते थांबले. प्येतरचं मशीन काढून घेतलं आणि त्याला माल चढवायला बाहेरच्या आवारात पाठवलं. पंधरा वर्षं ज्या मशीनचा आवाज ऐकून तो डोळे मिटून सांगायचा की तार कुठे तुटणार, ते मशीन दुसऱ्याला दिलं.

भिंतीवरचं ते पान पहिल्याच पावसात गळून पडलं. वडिलांच्या अक्षरातले चार कागद मात्र फाइलीत राहिले. सहा वर्षांनी प्रेंडाने नर्सिंगला अर्ज केला, तेव्हा कारकुनाने फाइल उघडली आणि तिचा अर्ज बाजूला ठेवला. दुसऱ्या कोणी केलेला आरोप असता तर नाकारता आला असता. हे तर बापाने स्वतः लिहून दिलेलं.

"लोके काय म्हणायची सांगू?" प्रेंडा म्हणायची. "म्हणायची, चूक कबूल करायची ती देवापुढे. देव ऐकतो आणि विसरतो. कचेरी लिहून ठेवते."

ती नर्स झाली नाही. शिवणकाम शिकली. ते राज्य कोसळलं तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. वडील दोन वर्षं आधीच गेले होते. आधी इटली, मग कॅनडा, मग ही लाँड्री.

आता गोष्ट त्या रकान्याची. लाँड्रीत दर जानेवारीला एक फॉर्म यायचा. वर्षभरात काय चांगलं केलं, हा पहिला रकाना. आपण कुठे कमी पडलो, हा दुसरा. पहिला रकाना प्रेंडा सुवाच्य अक्षरात भरायची, आणि दुसऱ्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढायची, म्हणजे तिच्यामागे कोणी त्यात काही घालू नये. जुना मॅनेजर म्हातारा होता. त्याचे आजोबा युक्रेनहून आलेले. तो ती रेघ बघायचा, मिशीत हसायचा आणि सही करायचा. तो रिटायर झाला आणि प्रताप आला.

प्रताप पुण्याचा. पस्तिशीचा, हुशार, सगळ्यांशी हसून बोलणारा. वाईट मुलगा मुळीच नव्हे. उल्काशी तो मराठीत बोलायचा, तिच्या मुलीच्या शाळेची चौकशी करायचा. त्याने आल्या आल्या जाहीर केलं की फॉर्म नुसते भरायचे नाहीत. मनापासून भरायचे, आणि सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर वाचायचे. पहिला त्याने स्वतःचाच वाचला.

नेमकं त्याच वेळी दुरुस्तीच्या खोलीतली एक खुर्ची रिकामी होणार होती. तिथे चार शिलाई मशिनं, मोठी खिडकी, आणि दिवसभर बसून काम. फाटक्या गाऊनला ठिगळ, चादरीची शिवण. प्रेंडाचे गुडघे पार झिजले होते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की आठ तास उभं राहणं आता बंद करा. रिटायर व्हायला अजून चार वर्षं होती. नोकरीतल्या वर्षांच्या हिशेबाने त्या खुर्चीवर पहिला हक्क तिचा, तिच्यामागे उल्काचा. पण प्रतापचा नियम असा की फॉर्म पुरा भरलेला नसेल तर बदली नाही.

"ताई, लिहा हो काहीतरी," उल्का काकुळतीला आली. "मी दरवर्षी 'टाइम मॅनेजमेंट' लिहिते. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही."

"म्हणजे खोटं लिहितेस?"

"खोटं कुठे? शोभेचं लिहिते."

"मोय उल्का, खोटं बोलायला मी कधी लाजले का? तुझ्या पोटाबद्दल कशी पटकन बोलले! पण स्वतःच्या विरुद्ध, स्वतःच्या हाताने? खोटं नाही, आणि खरं तर मुळीच नाही."

"पण गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. मी बघते त्यांचं काय करायचं ते."

सोमवारी बाहेर उणे अठ्ठावीस होतं. माणसं बुटांवरचा बर्फ झटकत मीटिंगला उभी राहिली. चौघापाचांचं वाचून झालं. 'कॉम्प्युटर शिकेन', 'वेळेवर येईन', अशी सरळ सरळ वाक्यं. मग उल्काची पाळी आली. ह्या वर्षी तिने शोभेचं लिहिलं नव्हतं. मनापासून लिहा असं आपल्या भाषेतल्या माणसाने सांगितलं होतं, म्हणून तिने खरंच मनापासून लिहिलं होतं.

"माझं इंग्रजी कच्चं आहे," ती वाचू लागली. "फोन आला की मी घाबरते. कधी सूचना कळली नाही तरी विचारत नाही, कारण लोक हसतील असं वाटतं."

कोणी हसलं नाही. प्रतापने मान डोलावली. "छान, उल्का. फार प्रामाणिक लिहिलंत." मग अगदी मायेने म्हणाला, "पण हे असं का होतं? अजून थोडं खोल जा ना."

उल्काचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती कागदाकडे बघत राहिली, जणू त्यावर आणखी काही लिहिलेलं सापडेल. "मी... माझी शाळा मराठी..."

"पुरे."

प्रेंडा पुढे आली. गुडघा दुखत असल्याने तिची चाल जराशी डुलती झाली होती, पण त्या दिवशी ती चालली ती सैनिकासारखी. तिने उल्काच्या हातातून कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि आपल्या एप्रनच्या खिशात ठेवला.

"प्रेंडा?" प्रताप म्हणाला.

"ह्या बाईबरोबर मी सहा वर्षं चादर धरली आहे," प्रेंडा मोठ्याने म्हणाली. तिच्या इंग्रजीतले 'र' आज नेहमीपेक्षा जास्त खडखडत होते. "एकदा तिची चादर तिरकी गेली नाही. तिचं काम तुम्हाला बघायचंय? रोलरपाशी या आणि बघा. तिची भीती तुम्हाला काय करायचीय? ती तुम्ही कुठे ठेवणार? कोणत्या कपाटात?"

"हे तिच्याच भल्यासाठी आहे. आपण सगळ्यांनी ग्रो व्हावं म्हणून..."

"मी एकसष्ट वर्षांची आहे. आणखी ग्रो झाले तर दारातून जाणार नाही."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. प्रताप हसला नाही. "मीटिंग संपली," तो म्हणाला. "प्रेंडा, तुम्ही ऑफिसमध्ये या."

ऑफिसमध्ये त्याने तिला खुर्ची दिली. ती बसली नाही. त्याने तिचा फॉर्म पुढे सरकवला. दुसऱ्या रकान्यात तिरपी रेघ होती.

"एक ओळ लिहा," तो म्हणाला. "एकच. खुर्ची तुमची. मलाही ती तुम्हालाच द्यायची आहे."

तेव्हा प्रेंडाने त्याला वडिलांची गोष्ट सांगितली. लांबवली नाही, रडली नाही. भिंत, चार कागद, मशीन.

"आय अ‍ॅम सॉरी," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण प्रेंडा, हा कॅनडा आहे. इथे कोणी तुम्हाला तुरुंगात टाकणार नाही."

"माझ्या वडिलांनाही तुरुंगात टाकलं नाही," प्रेंडा म्हणाली. "फक्त मशीन काढून घेतलं. आणि तुम्ही फक्त खुर्ची."

पण नियम प्रतापने स्वतःच केला होता, वरपर्यंत कळवला होता, आणि आता तो मागे घेण्याइतकं त्याचं वय झालेलं नव्हतं. "मग मला पुढच्या नावाकडे जावं लागेल," तो हळूच म्हणाला.

"जा," प्रेंडा म्हणाली, आणि कामावर गेली. जाता जाता देवाला मनातल्या मनात एवढंच म्हणाली, की ह्या पोरावर मी जास्त ओरडले असले तर ते तेवढं तू बघून घे.

शुक्रवारी उल्काला पत्र मिळालं. तिचा फॉर्म प्रेंडाच्या खिशात राहिला होता, पण तो सगळ्यांसमोर वाचून झाला होता, म्हणून प्रतापने तो भरलेलाच धरला. दुरुस्तीची खोली, सोमवारपासून. ती ते पत्र घेऊन लंचरूममध्ये प्रेंडासमोर येऊन बसली. डोळे सुजलेले.

"ताई, मी नाही जाणार. मी नाही म्हणून कळवते. तुमची जागा आहे ती."

प्रेंडाने चमचा खाली ठेवला. उल्काने तिला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, प्रतापवरसुद्धा ती एवढी चिडली नव्हती.

"मूर्ख आहेस का? तुला शिवता येतं?"

"येतं."

"मुलीला शाळेतून आणायला तुला धावावं लागतं. त्या खोलीची सुट्टी तासभर आधी होते. हो की नाही?"

"हो, पण..."

"पण काय? रकाना मी भरला नाही, तो माझा हट्ट. त्याची झळ मी सोसणार. ती तू वाटून घेतलीस तर माझ्याकडे राहिलं काय? नुसती एक हट्टी म्हातारी, जिच्यामुळे तुझं नुकसान झालं. ते मला नकोय." ती घोटभर पाणी प्यायली. "ऐक. माझ्या बापाचं मशीन ज्याला मिळालं ना, तो त्याचा मित्र होता. चांगला माणूस. त्याने मशीन मागितलं नव्हतं. पण तो इतका शरमला की पुन्हा आमच्या गल्लीत आला नाही. लांबच्या रस्त्याने सायकल घेऊन जायचा. बापाला मशीन गेल्याचं दुःख होतंच. पण मरेपर्यंत तो म्हणायचा, मशीन गेलं ते गेलं, मित्र कशाला नेला रे माझा! मोय उल्का, तू तसं करायचं नाहीस. तू माझ्यासमोरून जायचं. रोज."

उल्का पदर असता तर पदराने, नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसत राहिली. "आणि तुमचे गुडघे?"

"डॉक्टरकडून चिठ्ठी आणते. दर तासाला दहा मिनिटं बसायची. त्यांना द्यावीच लागतील. आणि बसेन ती रोलरच्या शेजारीच बसेन, सगळ्यांना दिसेन अशी."

पुढच्या सोमवारच्या मीटिंगमध्ये फॉर्म वाचायला कोणालाच सांगितलं नाही. का, ते प्रतापने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. त्याने आठवड्याच्या चादरींचे आकडे सांगितले, पार्किंगमधल्या बर्फावरून जपून चाला म्हणाला, आणि माणसं पांगली.

दुरुस्तीच्या खोलीकडे जायचा रस्ता रोलरच्या अगदी पुढून होता. मागच्या बाजूने, ट्रॉल्या ठेवायच्या बोळातूनही जाता येत होतं. उल्का हातात कात्री आणि डबा घेऊन दोन्ही रस्त्यांच्या मधे क्षणभर उभी राहिली. मग पुढच्याच रस्त्याने निघाली. पण मान खाली, खांदे आवळलेले, पावलं भराभर.

प्रेंडासमोर आज नवीन बाई होती. तिला कोपरा कसा धरायचा ते अजून कळत नव्हतं, आणि चादर तिरकी चालली होती. प्रेंडाने रोलर थांबवला. मशीनच्या घरघरीत अचानक पडलेल्या शांततेत सगळ्यांनी वळून पाहिलं. ऑफिसच्या काचेआडून प्रतापनेही पाहिलं.

"मोय उल्का!" ती अख्ख्या लाँड्रीला ऐकू जाईल अशी ओरडली. "मान वर!"

उल्काने मान वर केली. प्रेंडाने ती तशी आहे ना, हे नीट बघून घेतलं, आणि मगच रोलर चालू केला.